टेकडीवरची शाळा : फिलिप्स अकॅडमी, अँडोव्हर

३० एप्रिल १७७८ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावात, सुतारकामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या इमारतीत, १३ विद्यार्थ्यांची शाळा भरली. देशात तेव्हा युद्ध चालू होते. वसाहतींनी ब्रिटिश राजाशी नाते तोडल्याला दोन वर्षेही झाली नव्हती आणि जनरल वॉशिंग्टनच्या अर्धपोटी, फाटक्या फौजेने व्हॅली फोर्जचा हिवाळा नुकताच कसाबसा काढला होता. अशा दिवसांत शाळा काढायची, आणि तीही आपल्या पश्चात शतकानुशतके चालेल अशा हिशेबाने, हे धाडसच होते. पहिल्या तुकडीत जोसाया क्विन्सी नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता, तसाच तिशीच्या घरात पोचलेला एक प्रौढ विद्यार्थीही होता. दोघे एकाच छपराखाली, एकाच मास्तरांपुढे लॅटिन व्याकरण घोकत. या शाळेचे नाव फिलिप्स अकॅडमी. ती आजही त्याच गावात, त्याच टेकडीवर चालू आहे.

न्यू इंग्लंड प्रदेशाला शाळा नवी नव्हती. प्युरिटन लोक इंग्लंडहून येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच १६३५ मध्ये बॉस्टनला लॅटिन शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड कॉलेजची स्थापना झाली. १६४७ च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सने गावांवर बंधन घातले : ५० कुटुंबे असतील तर लिहावाचायला शिकवणारा मास्तर नेमायचा, १०० कुटुंबे असतील तर कॉलेजच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी ग्रामर स्कूल चालवायची. हेतू धार्मिक होता. प्रत्येकाला बायबल वाचता यावे आणि धर्मोपदेशकांची पुढची पिढी अडाणी निपजू नये, यासाठी हा सारा खटाटोप. मात्र अठराव्या शतकात लोकवस्ती विखुरली, गावकऱ्यांना मास्तराचा पगार जड वाटू लागला आणि कित्येक ग्रामर स्कुले नावापुरती उरली. दुसरीकडे व्यापार आणि जहाजवाहतूक वाढत होती. हिशेब, भूगोल, मोजणी, चांगले इंग्रजी लिहिणे यांची गरज भासू लागली होती आणि नुसत्या लॅटिनने ती भागणारी नव्हती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी हे आधी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात १७५१ मध्ये जी संस्था सुरू झाली तिच्यासाठी त्यांनी ‘अकॅडमी’ हाच शब्द वापरला होता. मॅसॅच्युसेट्सच्याच बायफील्ड गावी १७६३ मध्ये डमर नावाच्या गृहस्थांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून एक शाळा निघाली. तिचे मास्तर सॅम्युअल मूडी हे त्या काळातले नामांकित शिक्षक. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलांनी, सॅम्युअल फिलिप्स आणि एलिफलेट पिअरसन यांनी, पुढे अँडोव्हरची शाळा उभी केली. एका चांगल्या शिक्षकाच्या वर्गातून दुसरी शाळा जन्माला यावी, याहून मोठी पावती मूडींना मिळणे शक्य नव्हते.

सॅम्युअल फिलिप्स यांचा जन्म १७५२ चा. घराणे धर्मोपदेशकांचे आणि व्यापाऱ्यांचे, पैसा जपून खर्च करणारे आणि धर्म कसोशीने पाळणारे. १७७१ मध्ये ते हार्वर्डमधून बाहेर पडले, १७७५ मध्ये क्रांतिकाळातल्या प्रांतिक काँग्रेसमध्ये गावाचे प्रतिनिधी म्हणून बसले. बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनच्या सैन्याकडे त्या वेळी बंदुकीची दारू जवळजवळ नव्हतीच. फिलिप्स यांनी १७७६ च्या आरंभी शॉशीन नदीकाठी दारूचा कारखाना घातला. सोरा शुद्ध कसा करायचा याचे प्रयोग करायला त्यांचे मित्र पिअरसन होते. ते तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होते. शाळा सुरू झाली त्याच वर्षी या कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. शाळेच्या इतिहासात हा प्रसंग सहसा एखाद्या ओळीत उरकला जातो, पण तो विसरण्याजोगा नाही. ज्या हातांनी संस्थेची घटना लिहिली तेच हात त्या दिवसांत दारूगोळ्याच्या हिशेबातही गुंतलेले होते.

शाळेसाठी पैसा कोठून आला, ही कथा अधिक बोलकी आहे. सॅम्युअल यांचे वडील, त्यांचेही नाव सॅम्युअलच, सधन होते. त्यांच्या मुलांपैकी हा एकच जगला होता. काका जॉन फिलिप्स न्यू हॅम्पशरमधल्या एक्सेटर गावचे मोठे व्यापारी. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हणजे दोन्ही घरांची मालमत्ता आज ना उद्या या एकट्या तरुणाकडेच यायची. पंचविशीतल्या या तरुणाने वडिलांची आणि काकांची मनधरणी केली ती आपल्याच वारशातला मोठा वाटा शाळेला देण्यासाठी. अँडोव्हरच्या टेकडीवरची जमीन, इतर ठिकाणच्या जमिनी आणि रोख रक्कम अशी देणगी देऊन वडिलांनी आणि काकांनी २१ एप्रिल १७७८ रोजी संस्थेच्या घटनेवर सह्या केल्या. देणगीदार म्हणून नावे त्या दोघांची लागली. कल्पना, मसुदा आणि खरा त्याग धाकट्या सॅम्युअलचा होता.

ही घटना म्हणजे अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासातला महत्त्वाचा दस्तऐवज आहे आणि तिच्याकडे बारकाईने पाहावे लागते. तिच्यात विषय नेमून दिले आहेत : इंग्रजी आणि लॅटिन व्याकरण, लेखन, अंकगणित आणि ज्या शास्त्रांचे शिक्षण अशा शाळांत देतात ती शास्त्रे. पण लगेच पुढे येते की या सगळ्याहून वरचढ काम आहे ते जगणे म्हणजे काय आणि ते कशासाठी, हे मुलांना शिकवण्याचे. मास्तराने विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकीच त्याच्या स्वभावाची आणि वागणुकीची काळजी वाहावी. ज्ञान नसलेला चांगुलपणा दुबळा असतो आणि चांगुलपणा नसलेले ज्ञान घातक असते, अशा आशयाचे विधान घटनेत आहे. दोन्हींची सांगड हाच शाळेचा पाया म्हटला आहे. दुसरे एक वाक्य त्याहून लहान, पण पुढच्या इतिहासात त्याहून जड ठरले. सर्व दिशांनी येणाऱ्या, पात्र असलेल्या तरुणांना ही शाळा सारखीच खुली राहील, असे त्यात लिहिले आहे. १७७८ मध्ये ‘सर्व दिशा’ म्हणजे गावोगावची गोरी, प्रॉटेस्टंट मुले, एवढाच अर्थ लिहिणाऱ्यांच्या मनात असणार. मास्तर प्रॉटेस्टंटच असावा अशी अट तर त्यांनी स्पष्ट घातली होती. तरीही शब्द कागदावर उतरले ते कुंपण न घालता. पुढच्या दोन शतकांत अँडोव्हरमध्ये जे जे झगडे झाले त्यांतल्या बऱ्याच झगड्यांचे मूळ या वाक्यात सापडते.

व्यवस्थापनाची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. पहिले विश्वस्त १२. त्यांच्यात बहुसंख्य धर्मोपदेशक असू नयेत आणि बहुसंख्य अँडोव्हरचे रहिवासीही असू नयेत, अशा दोन अटी घातल्या गेल्या. पहिलीमुळे शाळा एका चर्चच्या ताब्यात गेली नाही, दुसरीमुळे ती गावच्या भाऊबंदकीपासून वाचली. ऑक्टोबर १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून विश्वस्त मंडळाला कायम अस्तित्व असलेल्या संस्थेचा दर्जा दिला. डमरची शाळा वयाने मोठी असली तरी तिला असा दर्जा १७८२ मध्ये मिळाला. म्हणून कायद्याने स्थापित झालेल्या अकॅडम्यांत अँडोव्हरला पहिल्या मानकऱ्यांत धरतात. इथे ‘खासगी’ या शब्दाविषयी थोडे थांबायला हवे. आज खासगी शाळा म्हटले की मालकीची, फी घेणारी शाळा डोळ्यांपुढे येते. त्या काळी अशी रेघ ओढलेली नव्हती. कोणी व्यक्ती मालक नाही, नफा कोणी घेत नाही, सरकारने सनद दिली आहे, हेतू लोकहिताचा आहे आणि कारभार मात्र सरकारच्या हातात नाही, अशी ही मधली जात होती. १८१९ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी सनद म्हणजे करार असून सरकारला तो एकतर्फी मोडता येत नाही, असा निकाल दिला. त्या निकालाने कॉलेजांइतकेच अकॅडम्यांच्या विश्वस्तांनाही बळ मिळाले.

पहिले मुख्याध्यापक अर्थातच पिअरसन. धिप्पाड बांधा, मोठा आवाज, कडक शिस्त. मुले त्यांच्या नावावरून आणि अंगलटीवरून त्यांना ‘एलिफंट’ म्हणत. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होई. मधला वेळ पाठांतराचा. लहानग्या क्विन्सीला चीव्हर यांचे लॅटिन व्याकरणाचे पुस्तक अर्थ काडीचाही कळत नसताना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा मुखोद्गत करावे लागले. हाच मुलगा पुढे बॉस्टनचा महापौर आणि हार्वर्डचा अध्यक्ष झाला. बालपणीच्या त्या घोकंपट्टीची आठवण त्याने म्हातारपणीही कटूपणेच काढली. संस्थेच्या घटनेत स्वभाव आणि समज यांना दिलेले स्थान आणि वर्गात प्रत्यक्ष चालणारे पाठांतर यांच्यातली दरी पहिल्या दिवसापासून होती, हे नमूद केलेच पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह नव्हते. बाहेरगावची मुले गावकऱ्यांच्या घरी पैसे देऊन राहत आणि जेवत. जवळजवळ पन्नास वर्षे ही पद्धत चालली, त्यामुळे शाळा आणि गाव एकमेकांत मिसळून गेले होते.

पिअरसन १७८६ मध्ये हार्वर्डला हिब्रू आणि पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक म्हणून गेले. तोवर शाळेचे नाव झाले होते. पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या प्रसिद्ध चांदीकारागिराने १७८२ मध्ये तिची मुद्रा कोरली. त्या मुद्रेत मधमाश्यांचे पोळे आणि वर सूर्य आहे. तिच्यावर दोन लॅटिन वचने आहेत. एकाचा अर्थ ‘स्वतःसाठी नव्हे’, दुसऱ्याचा ‘शेवट आरंभावर अवलंबून असतो’. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर वॉशिंग्टन १७८९ च्या दौऱ्यात अँडोव्हरला येऊन फिलिप्स यांच्या घरी थांबले आणि त्यांच्या नात्यातली मुले पुढे या शाळेत शिकायला आली. फिलिप्स यांनी राज्याच्या सिनेटचे अध्यक्षपद बरीच वर्षे सांभाळले. फेब्रुवारी १८०२ मध्ये वयाच्या पन्नाशीत ते वारले, तेव्हा ते मॅसॅच्युसेट्सचे उपराज्यपाल होते.

काका जॉन यांनी अँडोव्हरवर न थांबता १७८१ मध्ये आपल्या गावी फिलिप्स एक्सेटर अकॅडमीची सनद मिळवली आणि १७८३ मध्ये ती शाळा सुरू झाली. या दोन भावंड शाळांची चढाओढ आजही अमेरिकेत प्रसिद्ध आहे. इतर गावांनीही हा कित्ता गिरवला. १७९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स सरकारने ठरवले की ज्या भागात गरज आहे आणि जिथे लोकांनी स्वतः निधी उभा केला आहे तिथल्या अकॅडमीला मेन प्रांतातली सरकारी जमीन द्यायची. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. सरकारची जमीन, लोकांची देणगी, पालकांची फी, विश्वस्तांचा कारभार, अशा मिश्र पायावर अकॅडम्या देशभर पसरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आणि विद्यार्थी अडीच लाखांच्या वर होते. त्यांतल्या पुष्कळ शाळा एखाद-दुसऱ्या मास्तरावर चालणाऱ्या आणि काही वर्षांत बंद पडणाऱ्या होत्या. तरीही सरकारी हायस्कुले गावोगाव पोचण्यापूर्वी शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या मुलाला प्राथमिक शिक्षणाच्या पुढची पायरी मिळाली ती या शाळांमुळे. त्यांचे हे ऋण अमेरिकी शिक्षणाच्या इतिहासात फार दिवस दुर्लक्षित राहिले.

अँडोव्हरच्या इतिहासाला १८०५ मध्ये अनपेक्षित वळण मिळाले. हार्वर्डने धर्मशास्त्राच्या सर्वांत जुन्या प्राध्यापकपदावर हेन्री वेअर या उदारमतवादी, एकेश्वरवादी विचारांच्या धर्मोपदेशकाची नेमणूक केली. कर्मठ कॅल्व्हिन पंथीयांच्या दृष्टीने हा अनर्थ होता. पिअरसन यांनी या नेमणुकीला विरोध केला होता. १८०६ मध्ये ते हार्वर्ड सोडून अँडोव्हरला परतले. सॅम्युअल फिलिप्स यांच्या विधवा पत्नी फीबी, त्यांचा मुलगा जॉन आणि इतर देणगीदार यांच्या साहाय्याने १८०७ मध्ये अकॅडमीच्याच विश्वस्तांखाली अँडोव्हर थिऑलॉजिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १८०८ मध्ये वर्ग सुरू झाले. कॉलेजची पदवी घेतलेल्यांसाठी धर्मशास्त्राचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ही अमेरिकेत नवीच गोष्ट होती. प्राध्यापकांना एका ठरावीक श्रद्धापत्रावर सही करावी लागे आणि दर पाच वर्षांनी ती निष्ठा पुन्हा जाहीर करावी लागे. यानंतरचे शतकभर टेकडीवर दोन संस्था शेजारी शेजारी नांदल्या. सेमिनरीच्या विटांच्या भक्कम इमारतींपुढे अकॅडमी कित्येकदा झाकोळून गेली. तिचा पैसा आणि विश्वस्तांचे लक्षही सेमिनरीकडे वळले.

याच सेमिनरीतून या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८१० मध्ये अँडोव्हरच्या काही विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसारासाठी जाण्याची इच्छा लेखी मांडली आणि त्यातून शेजारच्या ब्रॅडफर्ड गावी ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था जन्मली. सॅम्युअल नॉट आणि सॅम्युअल न्यूवेल हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांच्या मंडळीत गॉर्डन हॉलही सामील झाले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे या मंडळींना दीक्षा मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यात थारा दिला नाही. हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला उतरले, तेव्हा तिथूनही त्यांना हुसकावण्याचे हुकूम होते. गव्हर्नर इव्हान नेपियन यांची सहानुभूती आणि त्याच वर्षी बदललेला कंपनीचा सनदी कायदा यांमुळे त्यांना राहता आले. न्यूवेल यांची पत्नी हॅरिएट वाटेत मॉरिशसला वारली. ती १९ वर्षांची होती आणि ब्रॅडफर्डच्या अकॅडमीत शिकलेली होती. न्यूवेल मुंबईत १८२१ मध्ये आणि हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीत, दोघेही कॉलऱ्याने गेले. त्यांचा उद्देश धर्मांतराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण त्या उद्देशाच्या पोटी अमेरिकन मराठी मिशनने मराठी शाळा काढल्या, मुंबईत छापखाना घातला, मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे आपले मुख्य केंद्र केले. १८४२ मध्ये तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार याच बोर्डाच्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशीही फरार यांचे नाव जोडले जाते. हार्वर्डच्या एका नेमणुकीवरून पेटलेला वाद आणि पुण्यातला १८४८ चा वर्ग यांच्यातले अंतर फार मोठे आहे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर माणसांचे स्वतंत्र निर्णय आहेत. तरी हा धागा खरा आहे आणि मराठी शिक्षणाच्या अभ्यासकाने तो हाती घेण्याजोगा आहे.

दूरदेशीच्या माणसांच्या आत्म्यासाठी प्राण द्यायला तयार असलेली ही टेकडी घरातल्या अन्यायापुढे मात्र कचरली. फिलिप्स घराण्यात गुलाम माणसे राबलेली होती. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी न्यायालयांच्या निकालांनी १७८३ च्या सुमारास संपली. १८३५ मध्ये इंग्रज गुलामगिरीविरोधक जॉर्ज थॉम्प्सन अँडोव्हरला बोलायला आले. अकॅडमीतल्या मुलांनी गुलामगिरीविरोधी मंडळ काढायचे ठरवले आणि वरिष्ठांनी ते मना केले. शाळेत फूट पडेल, देणगीदार दुखावतील, शांतता भंगेल, अशी कारणे होती. कित्येक विद्यार्थी शाळा सोडून गेले. ज्ञान आणि चांगुलपणा यांची सांगड घालू म्हणणाऱ्या संस्थेत त्या दिवशी चांगुलपणाची बाजू मुलांनी घेतली. पुढे १८५२ मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो याच टेकडीवर राहायला आल्या. त्यांचे पती सेमिनरीत प्राध्यापक होते. बारा वर्षे त्यांचे घर तिथे होते आणि त्यांची समाधीही तिथल्याच दफनभूमीत आहे.

मुलींसाठी अँडोव्हरमध्ये १८२९ मध्ये वेगळी अकॅडमी निघाली. सेरा ॲबट या गावातल्या विधवेने तिच्यासाठी आपला पैसा देऊ केला म्हणून ती ॲबट अकॅडमी. केवळ मुलींसाठी सनद मिळालेल्या न्यू इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या शाळांत तिची गणना होते. फिलिना मकीन यांनी १८५९ पासून ३३ वर्षे तिचे नेतृत्व केले. फिलिप्सच्या टेकडीपासून ती हाकेच्या अंतरावर होती, पण मुला-मुलींनी एकमेकांकडे बघू नये यासाठीचे नियम भरपूर होते. १८३० मध्ये फिलिप्सच्याच विश्वस्तांनी शिक्षक घडवणारी एक सेमिनरीही काढली. अध्यापनशास्त्रावर अमेरिकेतले अगदी आरंभीचे पुस्तक लिहिणारे सॅम्युअल रीड हॉल तिचे प्रमुख होते. मॅसॅच्युसेट्स सरकारची पहिली अध्यापक शाळा १८३९ ची. म्हणजे अँडोव्हर नऊ वर्षे पुढे होते. पैशाअभावी हा प्रयोग फार तगला नाही आणि १८४२ मध्ये तो अकॅडमीच्या इंग्रजी विभागात विरून गेला. हे नुकसान मोठे होते. 

१८३८ ते १८७१ ही ३३ वर्षे सॅम्युअल टेलर यांची. मुले त्यांना ‘अंकल सॅम’ म्हणत आणि घाबरत. त्यांच्या वर्गात होमर किंवा व्हर्जिल यांची ओळ वाचली जाई ती एकेका शब्दाची फोड करण्यासाठी. एखाद्या ग्रीक क्रियापदावर अर्धा तास जाई. कॉलेजात पोचलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांचा पाया पक्का असे, पण विज्ञान, आधुनिक भाषा, इतिहास यांना वर्गात जागा नव्हती. जानेवारी १८७१ मधल्या एका रविवारी, हिमवर्षावात बायबलच्या वर्गासाठी शाळेत येत असताना, दारातच ते कोसळून गेले. त्यांच्याबरोबर जुनी अकॅडमीही संपली असे म्हटले तर चूक होणार नाही. बाहेरचे जग तोवर बदलले होते. बॉस्टनला १८२१ मध्ये देशातले पहिले सरकारी हायस्कूल निघाले. मॅसॅच्युसेट्सच्या १८२७ च्या कायद्याने ५०० कुटुंबांच्या गावांना हायस्कूल चालवणे भाग पडले आणि १८७४ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामाझू खटल्याच्या निकालाने करांच्या पैशातून हायस्कूल चालवण्याला कायद्याचा आधार मिळाला. फुकटचे हायस्कूल गावात आल्यावर हजारो अकॅडम्या बंद पडल्या किंवा स्वतःच हायस्कूल झाल्या. ज्यांच्याकडे जुना निधी, जमीन आणि कॉलेजांशी लागेबांधे होते त्या तगल्या. त्या आता गावच्या शाळा राहिल्या नाहीत, दूरदूरच्या सधन कुटुंबांतल्या मुलांना हार्वर्ड-येलसाठी तयार करणाऱ्या निवासी शाळा बनल्या. अँडोव्हरमध्ये हे स्थित्यंतर सेसिल बँक्रॉफ्ट यांनी १८७३ ते १९०१ या काळात शांतपणे घडवले : विज्ञान आणि आधुनिक भाषा अभ्यासक्रमात आल्या, राहण्याची नीट सोय झाली, चांगले शिक्षक आले.

‘सर्व दिशांनी’ या शब्दांचा अर्थ याच काळात हळूहळू रुंदावत होता. १८६५ मध्ये रिचर्ड ग्रीनर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी अँडोव्हरमधून बाहेर पडला. हार्वर्ड कॉलेजची पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी जपानचा नीजिमा जो शाळेत दाखल झाला. देशाबाहेर जाण्यास मृत्युदंडाची शिक्षा असताना तो जहाजात लपून निघाला होता. अकॅडमीचे एक विश्वस्त अल्फियस हार्डी यांच्या मालकीच्या जहाजातून तो बॉस्टनला पोचला आणि त्यांनीच त्याचा सांभाळ केला. परत गेल्यावर १८७५ मध्ये त्याने क्योतोला जी शाळा काढली ती आजचे दोशिशा विद्यापीठ. चिनी सरकारने अमेरिकेत पाठवलेल्या मुलांपैकी लिआंग चेंग अँडोव्हरच्या बेसबॉल संघात चमकला. पुढे तो वॉशिंग्टनला चीनचा राजदूत झाला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडाच्या रकमेतला जादा भाग अमेरिकेने परत करावा यासाठी त्याने केलेल्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या शिक्षणनिधीवर चिंग्ह्वा विद्यापीठाची सुरुवात झाली. या तिघांची नावे गौरवाने घेतली जातात ते योग्यच आहे. पण ते अपवाद होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही कृष्णवर्णीय मुले अँडोव्हरमध्ये मोजकीच दिसत.

१९०८ मध्ये सेमिनरी केंब्रिजला हलली आणि तिच्या इमारती अकॅडमीकडे आल्या. १९२० नंतरच्या दशकात थॉमस कॉकरन या माजी विद्यार्थ्याने प्रचंड देणग्या दिल्या. नव्या इमारती, चॅपेल आणि अमेरिकी चित्रकलेचे ॲडिसन कलादालन उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांत तारयंत्राचे सॅम्युअल मोर्स आधीपासून होते. हेन्री स्टिमसन यांच्यासारखे युद्धमंत्री आणि पुढे बुश पितापुत्र हे दोन राष्ट्राध्यक्ष त्यांत भर घालून गेले. सत्तेशी असलेली ही जवळीक शाळेच्या प्रतिष्ठेची खूण ठरली आणि तिच्यावरच्या टीकेचे कारणही. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्याध्यापक जॉन केम्पर यांच्या पुढाकाराने अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या शिक्षकांनी मिळून एक अहवाल तयार केला. तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकता यावेत, ही ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ची कल्पना त्या विचारातून रुजली. आज ती अमेरिकेतल्या सरकारी शाळांतही सर्रास चालते आणि भारतातल्या मोठ्या शहरांमधल्या पालकांच्याही परिचयाची आहे.

१९७२ मध्ये मुख्याध्यापक झालेले थिओडोर सायझर हे स्वतः अकॅडम्यांचे इतिहासकार. ‘द एज ऑफ द अकॅडमीज’ हे त्यांनी संपादित केलेले पुस्तक या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. विस्मरणात गेलेल्या त्या शाळांना इतिहासात जागा मिळवून देणाऱ्या माणसाच्या हाती त्यांतलीच एक सर्वांत जुनी शाळा यावी, हा योग दुर्मीळ म्हणायचा. त्यांच्या कारकिर्दीत, १९७३ मध्ये, ॲबट अकॅडमी फिलिप्समध्ये विलीन झाली आणि १९५ वर्षांनी मुली फिलिप्सच्या वर्गात बसल्या. विलीनीकरणात ॲबटचे नाव मात्र संस्थेच्या नावातून गेले. स्त्रीशिक्षणाची १४४ वर्षांची परंपरा असलेल्या शाळेवर हा अन्यायच झाला.

फीचा प्रश्न त्यानंतरही उरला होता. गरीब मुलांसाठी देणग्या आणि सवलती आरंभापासून होत्या. १८३० च्या दशकात बांधलेली साधी लाकडी वसतिगृहे तर मुख्यत्वे अशाच मुलांसाठी होती. तरी पालकाची ऐपत प्रवेशाच्या आड येतच होती. २००७ मध्ये विश्वस्तांनी ठरवले की प्रवेश देताना विद्यार्थ्याच्या घरची आर्थिक स्थिती पाहायची नाही आणि निवडलेल्याला जेवढी मदत लागेल तेवढी पूर्ण द्यायची. सर्व दिशांनी येणाऱ्या तरुणांना शाळा सारखीच खुली राहील, हे वाक्य घटनेत लिहिल्यापासून हा ठराव व्हायला २२९ वर्षे लागली.